मालतीबाईंनी उघडलेली नळी

पुरातत्त्वज्ञ मालतीबाईंना मी प्रथम भेटलो ते मुलाखतीत. "कशाची भीती वाटते?" त्यांनी विचारलं. "चुकायची," मी म्हणालो. "मग उत्खननाला या." तेव्हापासून मी त्यांच्या हाताखाली घाबरतोच आहे, पण बाईंनी ते कधी हसण्यावारी नेलं नाही. ड्रोन उडवायची माझी पाळी आली की त्या शेजारी उभ्या राहून नुसती वाऱ्याची दिशा सांगत.

त्यांच्या पंचाहत्तरीनिमित्त लिहायला बसलो आणि अड्याळजवळचं नामदेवभाऊंचं धानाचं शेत डोळ्यांपुढे आलं. मातीतल्या वाळूच्या कणांनी शेवटचं ऊन कधी पाहिलं, हे प्रयोगशाळेत मोजता येतं. त्यावरून थराचं वय कळतं. मात्र नमुन्याला उजेड लागला की सगळं वाया. म्हणून काळ्या कापडाआड आम्ही खड्ड्याच्या भिंतीत पोलादी नळी ठोकली आणि तिची दोन्ही तोंडं झाकणांनी बंद करून बाहेर काढली. कामाचा तो शेवटचा दिवस. दुसऱ्या दिवशी खड्डा बुजवून नामदेवभाऊ तिथे धानाचे पऱ्हे, म्हणजे रोपांसाठी बी, टाकणार होते.

वर आलो तर बांधावर गाव जमलेलं. नळीत गुप्तधन आहे, अशी आवई उठली होती. मी बाईंच्या मागे सरकलो.

"मॅडम, कापडाखाली काय लपवून राहिले तुमी?" नामदेवभाऊंनी विचारलं.

"माती आहे."

"मातीले कायले झाकता मंग?"

बाईंनी सगळं समजावलं, पण कुणालाच पटेना. मी हळूच म्हणालो, "बाई, नळी गाडीत टाकून निघू या."

"त्यांच्या शेतातलं आहे. त्यांना बघू दे," असं म्हणून त्यांनी भर उन्हात झाकण काढलं आणि नळी नामदेवभाऊंच्या ओंजळीत रिकामी केली. सगळ्या हंगामाचं काम गेलं, या विचाराने मला रडू यायचंच बाकी होतं.

नामदेवभाऊंनी माती बोटांनी चोळून पाहिली. "मातीच हाय," ते लोकांना म्हणाले. मग बाईंकडे वळले. "आता हे कामातून गेली न?"

"गेली."

"मंग उद्या खड्डा नाई बुजवत. अजून एक नळी ठोका. कापड आमी धरतो."

संध्याकाळी आभाळ भरून आलं; पावसाने खड्डा भरेल या धास्तीने रात्रभर मला झोप नाही. सकाळी मात्र बाईंनी नळी ठोकली, आणि कापडाचे चारही कोपरे कालच्याच माणसांनी धरले होते.

बाई अजूनही शिडीचा आधार न घेता खड्ड्यात उतरतात आणि काठावर माझा जीव खालीवर होतो. त्यांना निरोगी, उदंड आयुष्य लाभो. त्यांच्यावाचून गावासमोर उभं राहायचं धैर्य माझ्यात अजून आलेलं नाही.