मखमलचे थंडगार हात

सलूनवाल्याचं खरं नाव बायकोलाच ठाऊक. गिऱ्हाइकं त्याला मखमल म्हणत, कारण वस्तरा गालावरून कधी फिरला ते कळायचंच नाही. आणि आता बघा गंमत, ते मखमललाही कळेना! उजव्या हाताची बोटं बधिर, मुंग्या तर विचारू नका. परवा वस्तरा हातातून निसटला आणि गिऱ्हाईक अर्ध्या दाढीनिशी पळालं. नवराबायको पोट धरधरून हसले. मग खुर्ची पुसताना त्यानं हळूच विचारलं, "वस्तरा सुटला तर मी करू काय गं?"

डॉक्टरीणबाईंनी नसांची तपासणी सांगितली. हाताला विजेचे बारीक झटके द्यायचे आणि नसेतून संदेश किती वेगानं धावतो ते यंत्रावर मोजायचं. येताना हाताला तेल नको, एवढीच सूचना. आता ज्यानं जन्मभर लोकांची डोकी चोळली, त्याचं तेल असं तसं निघतंय होय? पठ्ठ्या दवाखान्याच्या नळाखाली गार पाण्यात हात घासत सुटला.

"अहो, कातडी सोलणार का आता?" बायको ओरडली, तेव्हा कुठे थांबला.

पहिल्याच झटक्याला अंगठा टुणकन उडाला. मग करंगळी!

"अगं बघ, मला न विचारता नाचतायत!"

दोघं खिदळायला लागली. "हलू नका हो," म्हणता म्हणता डॉक्टरीणबाईही हसल्या. मग यंत्राच्या पडद्याकडे वाकून बघू लागल्या.

"सगळ्याच नसा मंद दिसतायत. दोन्ही हातांच्या."

मखमलच्या तोंडचं पाणी पळालं. सगळ्याच म्हणजे कारभारच आटोपला की!

बाईंना काय वाटलं कोण जाणे, हातमोजा काढून त्यांनी त्याचा तळवा धरला. "अहो, हा हात आहे की बर्फाची लादी?"

त्यानं नळाची हकीकत सांगितली. बाईंनी कपाळावर हात मारला. "गारठलेल्या हातात नसा रेंगाळतातच! आधी बघायला हवं होतं मी."

कोमट पाण्यात हात शेकले, पुसले, पुन्हा झटके. या खेपेला नसा सुसाट! फक्त उजव्या मनगटात एक अडखळत होती.

"तिथे दाबली गेलीय. झोपताना पट्टा बांधा. नाहीच भागलं तर छोटं ऑपरेशन करू."

"आणि वस्तरा?"

"थोडी विश्रांती घ्या, मग खुशाल चालवा."

तशी इतका वेळ खिदळणाऱ्या बायकोनं एकदम भोकाड पसरलं.

"अगं येडे, वस्तरा राहतोय म्हणतायत!"

"कळलं हो! तुम्ही घाबराल म्हणून हसत होते मी. आता तरी रडू द्या!"