सत्तावन्न अंश

नामदेवभाऊ गेल्याचा फोन आला तेव्हा मी बल्लारपूर बसस्थानकावर मुलीला आणायला गेलो होतो. त्याला आता पाच आठवडे झाले. प्रणालीला मी इतकंच सांगितलं, "तुझे सर गेले." ती "बरं" म्हणाली आणि तिने बॅग स्कूटरवर पायांशी ठेवली.

नामदेवभाऊ फौजेत वल्हवायला शिकले. निवृत्तीनंतर चंद्रपूरजवळच्या तलावावर ते मुलींना शर्यतीची बोट शिकवू लागले, तेही काही न घेता. भामरागडकडच्या, डोंग्यात वाढलेल्या मुलीही येत. डोंग्यात वल्हं अंगालगत मारतात. शर्यतीच्या बोटीत कमरेतून वाकून हात पायांच्या पुढे न्यायचे, म्हणजे पातं पाठीमागे दूरवर पाण्यात शिरतं. त्या क्षणाला भाऊ 'कॅच' म्हणत. त्या क्षणी वल्हं बोटीला काटकोनात असलेल्या आडव्या रेषेपासून साठ अंश वळलेलं हवं, हा त्यांचा नियम. "कोंबडीवानी काय टोचून राह्यली? वाक ना!" हे काठावरून रोज ऐकू येई. प्रणाली सगळ्यांत बुटकी. तिला ते म्हणत, "तुह्या बापानं हात देतानाबी हिशेब केला वाटते." सगळे हसत. मीही हसायचो...

प्रणाली शाळेत होती तेव्हा राज्य स्पर्धेसाठी दोघींच्या बोटीत एकच जागा उरली होती. तीन मुली होत्या. ती जागा मिळाली तर पुढे क्रीडा वसतिगृह, असं प्रणालीने मनात पक्कं केलं होतं. निवडीच्या सकाळी भाऊंनी बोट धक्क्याला बांधली आणि वल्ह्याखाली अंशांच्या रेघा मारलेला फळा धरला. भाऊ मला म्हणाले, "बाबू, तुम्ही वजनकाट्यावरचे माणूस. आकडा तुम्हीच वाचा."

"माझी मुलगी आहे, भाऊ. दुसऱ्या कोणाला सांगा."

"म्हणूनच तं! तुमच्या तोंडून आयकलं का मंग रडाले जागा नाई राहात."

पहिलीचे साठ भरले, दुसरीचे एकसष्ट. प्रणालीने तीनदा हात ताणले. तिची मान थरथरत होती. मी तिन्ही वेळा वाकून पाहिलं आणि मोठ्याने सांगितलं, "सत्तावन्न." भाऊंनी टाळी वाजवली. "आयकलं? बापच म्हणते." ती उतरली, पाणी प्यायली, आणि पुन्हा बोटीत बसली नाही.

भाऊ जाण्याच्या आठवडाभर आधी मी त्यांना दवाखान्यात भेटलो. अंग पार वाळलं होतं, पण जीभ तशीच. आपणहून म्हणाले, "बाबू, त्या दिवशी पायाची पाटी दोन भोकं इकडे होती. उंच पोरीच्या मापानं लावली होती. सरकवली असती तं तुमच्या पोरीचे साठ भरले असते."

बोटीत पाय टेकायची ती पाटी; ती सरकवली की बसणाराही तिच्यासोबत सरकतो आणि हात आणखी पुढे पोचतात. मी फळ्यावरचा अंश तीनदा तपासला, पाटीकडे एकदाही पाहिलं नाही. मी विचारलं, "काऊन नाई सांगितलं मग?"

"तिनं विचारलं काय? जे विचारत नाई त्याले बोटीत काय काम?" आणि कूस बदलली.

मी ते पटवून घेतलं. मुलगी भिडस्त, चूक तिचीच, असं धरून चाललो. परवा जेवताना प्रणालीला तसंच सांगितलं. ती गडचिरोलीत नर्स आहे, पुन्हा सुट्टीवर आली होती. तिने भात कालवणं थांबवलं.

"मी विचारलं होतं बाबा. त्या सकाळी तुम्ही यायच्या आधी, दोनदा. सर म्हणाले, पाटी सरकवणं म्हणजे परीक्षेत कॉपी. आणि सगळ्यांदेखत पाटीच्या नटांना तार बांधून टाकली."

"मला नाही बोललीस कधी..."

"तुम्ही आकडा सांगून मोकळे झाले होते."

काल तलावावर गेलो. शेड उघडी होती. ती बोट आता कोणी वापरत नाही, मागच्या भिंतीशी उलटी ठेवली आहे. खाली बसून आत पाहिलं. पाटीच्या दोन्ही नटांना तार होती, फौजी हाताने पीळ देऊन आवळलेली, टोकं आत दुमडलेली, कोणाला लागू नयेत म्हणून. एकेका नटाला सात वेढे. चौकीदाराकडून पक्कड मागून घेतली. गंजलेली तार पहिल्या दाबालाच तुटली. नटही बोटांनीच फिरले. पाटी मी दोन भोकं सरकवली, नट आवळले आणि पक्कड परत केली.