आधी मॅच की आधी वडे?

बुधवारी दुपारी आमच्या कॉलेजच्या मैदानावर जे झालं, ते सांगितल्याशिवाय मला काही चैन पडणार नाही...

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, मी लंडनमध्ये, क्रॉयडनजवळच्या एका कॉलेजात गणित शिकवते. फुटबॉलमधलं मला ओ की ठो कळत नाही. पण सप्टेंबरच्या स्टाफ मीटिंगला ट्रॅममुळे उशीर झाला आणि मी पोचेपर्यंत मुलांची फुटबॉल टीम माझ्या गळ्यात पडली होती. बाकी कुणालाच नको होती ना!

नको असायला कारणही होतं. गेल्या वर्षी ही टीम झाडून सगळ्या मॅचेस हरली. वर दोनदा अकरा मुलंसुद्धा जमली नाहीत, समोरची टीम मिनीबसने येऊन तशीच परत गेली... त्यानंतर आमच्याशी खेळायला कुणी तयारच होईना.

प्रिन्सिपॉल बाईंनी स्वच्छ सांगितलं, ख्रिसमसच्या आत पुढच्या टर्मच्या मॅचेस ठरल्या नाहीत तर टीम बंद, आणि बुधवारचं मैदान हॉकीला. त्या दिवशी आमचा कॅप्टन सिद्धार्थ माझ्या वर्गाबाहेर येऊन उभा राहिला. त्याचे आईबाबा आमच्या इथल्या महाराष्ट्र मंडळातले, त्यामुळे मी कॉलेजात मिस आणि बाहेर मावशी.

"मावशी, टीम बंद नाही करायची. प्लीज." कॉलेजात मावशी म्हणाला, म्हणजे प्रकरण गंभीर होतं.

मग काय, लागले फोनला. हरलो तरी चालेल, पण समोर कुणीतरी हवं ना! कुणी म्हणे डेट्स फुल आहेत, कुणी म्हणे कळवतो... 'कळवतो' म्हणजे काय, हे मी माझ्या लग्नाची स्थळं बघत होते तेव्हापासून ओळखून आहे. तिकडे सिद्धार्थ एकेकाला मेसेज करकरून ट्रेनिंगला ओढून आणत होता.

शेवटी ब्रॅकनेलच्या एका कॉलेजचे कोच ग्रॅहम हो म्हणाले. एकच फ्रेंडली मॅच, ती नीट पार पडली तर पुढच्या टर्मचं बघू म्हणाले, आणि या वेळी अकरा जण आणा असा टोमणाही मारला. मी तो गपगुमान ऐकून घेतला.

इकडे मॅच झाल्यावर पाहुण्या टीमला काहीतरी खायला देतात. सँडविच, चिप्स वगैरे. मी घरी सहज बोलले, तर साताऱ्याहून आलेल्या माझ्या सासूबाईंनी लगेच पदर खोचला. पाहुण्यांना कुठे सँडविच देतात का, म्हणत ढीगभर बटाटेवडे आणि पातेलंभर शिरा! 'मॅच झाल्यावर' एवढंच नेमकं त्यांनी ऐकलं नाही...

पाहुणे एम-ट्वेंटीफाइव्ह हायवेच्या ट्रॅफिकमध्ये अडकून उशिरा आले, भुकेने कावलेले. मी रेफरीशी बोलून परत येते तो काय... अख्खी टीम चेंजिंग रूमबाहेर वडे हाणतेय आणि सासूबाई 'वन मोअर, वन मोअर' करत शिरा वाढतायत! आमच्या पोरांना मात्र हातही लावू दिला नव्हता. पाहुण्यांचं आधी!

"अहो आई, हे नंतर द्यायचं होतं!"

"लांबून आलीत लेकरं. उपाशीपोटी खेळवतेस होय गं?"

कप्पाळ माझं!

मॅच सुरू झाली. ब्रॅकनेलची पोरं धावतायत कसली, डुलतायत! त्यांचा स्ट्रायकर तर कमरेवर हात ठेवून नुसता उभा. हाफटाइमच्या आधी आमच्या सिद्धार्थने गोल मारला... या सीझनच्या पहिल्याच मॅचमध्ये गोल! मी अशी काही नाचले की सासूबाईंनी माझा कोट धरून मला खाली बसवलं. पुढे ब्रॅकनेलनेही एक गोल केला आणि मॅच बरोबरीत सुटली. हरलो नाही हो!

पोरं एकमेकांच्या अंगावर उड्या मारत होती. आणि हा सिद्धार्थ सरळ ग्रॅहमसमोर जाऊन उभा. म्हणाला, "सर, आज तुमची टीम पोटभर खाऊन खेळली. हे फेअर नाही. पुन्हा एकदा खेळू या, आधी काही न खाता."

अरे बाबा, कशाला! हे चिडले तर आम्हाला पुढची मॅच कोण देणार...

ग्रॅहम हसले. मार्चमध्ये आमच्याकडे या म्हणाले. शिवाय ओळखीच्या दोन कॉलेजांशी मी बोलतो, अशा कॅप्टनच्या टीमला कुणी नाही म्हणणार नाही... मला एकदम भरून आलं. थंडी होती म्हणून बरं, नाक पुसायला निमित्त मिळालं.

त्या दोन कॉलेजांचे काल फोन आले. प्रिन्सिपॉल बाईंना मॅचेसच्या तारखा दिल्या... टीम राहतेय! इतके आठवडे फोन करून मला जे जमलं नाही, ते या पोराने खरं बोलून जमवलं.

आता घरात नवीनच प्रश्न. सासूबाईंचा व्हिसा फेब्रुवारीत संपतोय आणि त्या विचारतायत, क्रॉयडनचं ते व्हिसा ऑफिस फुटबॉलसाठी मुदत वाढवून देतं का गं... या वेळी मॅच संपल्याशिवाय डबा उघडणार नाही, असा शब्दही दिलाय.

मार्चमध्ये आम्ही सपाटून हरू, मला माहीत आहे. पण समोर कुणीतरी असणार आहे... थँक यू रे सिद्धार्थ, बाळा.