जोडीने टांगलेले बोंबील

सुक्या बोंबलांचा डबा उघडला आणि वासासरशी मी मनाने उत्तनच्या कोळीवाड्यात पोचले. तेव्हा लग्नाचं पहिलं वर्ष होतं. मी मराठवाड्याची, सुकी मासळी कधी पाहिलेलीच नव्हती. रत्नागिरीच्या सासूबाई पावसाळ्याची बेगमी करायला मला घेऊन गेल्या होत्या. चर्चच्या सणाच्या पताका फडफडत होत्या. मी उत्साहाने किनाऱ्यावर वाळत घातलेल्या दोरीवरचा एक बोंबील ओढला, तसा दुसरा वाळूत पडला.

कोळीण म्हणाली, "जबड्यात जबडा अडकवलेला हाय, बाय. एक काढला का दुसरा ऱ्हात न्हाय."

सासूबाईंनी तो उचलून झटकला. "असू दे. आमच्या सुनेने निवडलाय."

मला तो टोमणा वाटला. घरी मात्र तो वाळूत पडलेला बोंबील त्यांनी गुपचूप स्वतःच्या ताटात घेतला होता, हे आज आठवलं.