पाणीपाळीचा प्रोग्रॅम

देवळाली प्रवऱ्याच्या कल्याण यांनी पाणीवापर संस्थांसाठी एक प्रोग्रॅम लिहिला होता. कालव्याला पाणी सुटलं की कुणाची पाळी कधी, किती तास, याची यादी तो काढायचा. अकरा गावांच्या संस्था तो वापरत. पण दर आवर्तनाला, म्हणजे पाणी सुटण्याच्या दर फेरीला, नियम बदलत, आणि प्रत्येक बदल प्रोग्रॅममध्ये करून कल्याण पेनड्राइव्ह घेऊन मोटरसायकलवर गावोगाव जात.

मग त्यांची मूत्रपिंडं निकामी झाली. आठवड्यातून तीनदा नगरला डायलिसिस. एका उन्हाळ्यात ते दवाखान्यात असताना त्यातल्या कोल्हार गावचा नियम बदलायचा राहिला. जुन्याच यादीने पाणी गेलं आणि कालव्याच्या शेपटाकडच्या सहा जणांचा चाऱ्याचा घास वाळला. कुणी त्यांना बोललं नाही. त्यांनाच ते लागलं.

"मी नसलो तरी चाललं पाहिजे," ते बायकोला, सविताला म्हणाले.

त्यांनी नियम वेगळ्या फाइलीत काढले, पायथन या संगणकाच्या भाषेत, कुणालाही वाचता येतील इतके सोपे. ते नियम चालवणारा इंटरप्रिटर प्रोग्रॅमच्या आतच बसवला. घरी सगळं नीट चाललं. कोल्हारला मात्र उघडताच बंद पडलं. संस्थेची सचिव रोहिणी हिने फोन केला.

"दादा, पायथन सापडत न्हाई म्हनतोय ह्यो."

कल्याण यांना चूक कळली. त्यांच्या संगणकावर पायथन आधीपासून होतं. प्रोग्रॅम तिथूनच पायथनची लायब्ररी, म्हणजे त्याला लागणाऱ्या तयार फाइली, उचलत होता. आता डाव्या हाताला सुया आणि उजव्या हाताने टाइप करणं, असं काम चाललं. लायब्ररीसकट सगळं त्यांनी प्रोग्रॅमच्या फोल्डरमध्येच भरलं, आणि सुरू होताना फक्त तिथंच शोधायला लावलं. फोल्डर कॉपी केला की झालं. तसाच तो अकराही गावांत पोचला.

पहिला नियम रोहिणीने फोनवर विचारत लिहिला.

"आधी शेपूट, मंग वरचं. येवढंच?"

"एवढंच. चुकलं तर कितवी ओळ ते तोच सांगेल."

"अन् तुमी?"

"मला विचारायची वेळ येऊ नये, म्हणून तर केलं."

माघात ते गेले.

उन्हाळी आवर्तनाला रोहिणीने नियम बदलला. एक ओळ चुकली. प्रोग्रॅमने दाखवली, तिने दुरुस्त केली. दुसऱ्या दिवशी ती देवळालीला सविताकडे गेली.

"चालतोय का गं?" सविताने विचारलं.

"चालतोय, वहिनी. सगळीकडं. फोन करून इचारलं मी."

"सगळीकडं म्हणजे? नावं सांग."

रोहिणीने एकेक करून अकराही गावांची नावं सांगितली. सविताने ती सगळी ऐकून घेतली.