आतल्या रांगेतला घोडा

वहिनीचा फोन आला तेव्हा मी हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये गाडी लावत होते. "हे गेले गं... झोपेतच," ती म्हणाली. मी गाडीतच बसून रडले, पण त्याआधी मनात आलं ते 'सुटला'. वर्षभर श्वासासाठी झगडणारा माझा भाऊ सुटला. मी नर्स आहे, 'सुटला' म्हणायची मला लाज वाटत नाही.

दादा भूकंपानंतर ख्राइस्टचर्च पुन्हा उभारायला आलेला इंजिनिअर. रिटायर झाल्यावर तो जुन्या मेरी-गो-राउंडचे लाकडी घोडे दुरुस्त करणाऱ्या म्हाताऱ्यांच्या टोळीत सामील झाला आणि आमचं डोकं खायला लागला. घोडा एका ओंडक्यातून कोरत नाहीत म्हणे, फळ्या चिकटवून पोट पोकळ ठेवतात, म्हणजे वजन कमी. आणि जुने कारागीर सगळी हौस बाहेरच्या बाजूवर करत, कारण तिकीट काढणाऱ्याला तीच दिसते. आतली बाजू साधी. वहिनी म्हणायची, "भाजीत मीठ बरोबर आहे का, तेवढं सांगा."

एक घोडा पार कुजला होता. तो नव्याने करायचं दादाने अंगावर घेतलं. आजार तेव्हा सुरू झालाच होता... धाप लागली की बसायचा, पुन्हा पटाशी उचलायचा. मानेवरून खोगिरापर्यंत त्याने झेंडूची माळ कोरली, पाकळी न् पाकळी. कोरली मात्र उजव्या बाजूला. ते चक्र प्रदक्षिणेसारखंच फिरतं, आणि प्रदक्षिणेत देव मधोमध, उजव्या हाताला. मग माळ देवाकडे तोंड करून, हे त्याच्या हातांनी परस्पर ठरवून टाकलं. लोकांना दिसणार होती ती डावी बाजू कोरीच राहिली.

चूक कळल्यावर दादा खचला. "दुसरी माळ आता माझ्याने होत नाही गं. आणि हा फिरताना मला बघायचाय." टोळीचा म्होरक्या ब्रायन घोड्याभोवती एक चक्कर मारून म्हणाला, "स्वीट ॲज, मेट. काही बिघडलं नाही. हा सगळ्यात आतल्या रांगेत लावू." दादाला वाटलं, आपली चूक लपवतायत. घरी येऊन जेवला नाही.

चक्र सुरू झालं त्या दिवशी आम्ही त्याला व्हीलचेअरवरून नेलं. मधल्या खांबाभोवती आरसेच आरसे होते. दादाचा घोडा आला आणि आरशातून ती माळ झळकत गेली, फेरीमागून फेरी. "दिसली," दादा म्हणाला आणि माझा हात घट्ट धरला. त्यानंतर तो शांत होता. फार दिवस राहिला नाही, पण शांत होता.

परवा मी एकटीच गेले. ब्रायनने तिकीट घेतलं नाही, नुसता घोड्याकडे हात केला. मी बसले. आरशात झेंडू होते, त्यांच्याशेजारी माझा गुडघा. घोडा सावकाश वर जात होता, सावकाश खाली येत होता... कुठेही धाप न लागता.