आधी बुकिंग, मग गाडी

महरूफ चाचांना एका जागी बसता येत नाही. गाडीत बारा तास बसतील, पण खुर्ची हलत नसली की त्यांच्या बुडाला काटे टोचतात. कौन्सिलमधली, म्हणजे इथल्या नगरपालिकेतली, सुनावणी साडेदहाची होती. आम्ही नऊलाच पोचलो, आणि तेव्हापासून ते खिडकी ते दार, दार ते खिडकी चालले होते. गळ्यात बॅज. दर फेरीला बॅजवर हात.

"चाचा, बसा ना. तुम्हाला बघून मला गरगरायला लागलंय."

"मग नको बघूस. भिंतीकडे बघ."

"भिंतीवर पण तुमचीच सावली आहे."

"डोळे मीट. आणि तोंडही. आत एक शब्द बोललीस तर आमच्या घरी पाय ठेवायचा नाही, सुंबल."

हा बॅज म्हणजे टॅक्सी चालवायचं कौन्सिलचं लायसन. सव्वीस वर्षं चाचांच्या गळ्यात आहे. कामाला होते ती गिरणी बंद पडली त्या वर्षी घेतला, आणि नंतर दर तीन वर्षांनी फोटो बदलत गेला. दाढी काळी, मग करडी, मग पांढरी. मुलीच्या लग्नात शेरवानीवर घातला होता. चाची म्हणाल्या, "नवरीच्या बापाकडे कोण टॅक्सी मागणार आहे?" हे म्हणाले, "मागितली तर सांगेन, आधी बेसला फोन करा."

कारण आमची गाडी हात करून थांबवता येत नाही. ते रस्त्यावरच्या काळ्या रंगाच्या टॅक्सींचं काम. आमच्याकडे आधी बेसला, म्हणजे टॅक्सी कंपनीच्या ऑफिसला फोन, बेसवर बुकिंग, मग गाडी. बुकिंगशिवाय माणूस बसवला तर गाडीचा विमाही लागू नाही. चाचा नव्या ड्रायव्हरांना हे इतक्या वेळा सांगतात की पोरं त्यांना मागून 'मौलवी बुकिंग' म्हणतात.

आणि बेसवर फोन घेणारी मी. पंधराव्या वर्षी शाळा सोडली. सोडली कसली, मी निघाले आणि त्यांनी मागून दार लावून घेतलं. पुढची तीन वर्षं घरात भिंतींना लाथा मारल्या. अब्बांनी माझ्याशी बोलणं टाकलं होतं. चाचा आमच्याच गल्लीतले, रक्ताचं नातं काही नाही. एक दिवस आले, म्हणाले, "या पोरीचं तोंड चोवीस तास चालतं. फुकट कशाला घालवायचं?" आणि मला बेसवर नेऊन फोनसमोर बसवलं. म्हणून सांगते, या माणसाबद्दल कुणी वाकडं बोललं तर मी ऐकून घेत नाही.

तर तो दिवस. दुपारचे सव्वादोन. चाचा हॉस्पिटलला एका म्हातारीला सोडून निघत होते, तेवढ्यात एक बाई काचेवर टकटक करते. हात गळ्यात बांधलेला, फोन बंद पडलेला. घरी सोडता का, म्हणे. चाचांनी नेहमीचं केलं. रेडिओवर मला हाक मारली, आमच्या पहाडी बोलीत, "पोरी, हॉस्पिटलवरून एक बाई आहे, हात मोडलाय बिचारीचा. बुकिंग टाक."

हे आमच्याकडे सगळेच करतात. माणसाचा फोन बंद असला की ड्रायव्हर रेडिओवरून सांगतो, मी टाकते, गाडीतल्या पडद्यावर आलं की गाडी हलते. पण माझ्या दुसऱ्या कानात फोनवर मिसेस एन्टविसल होत्या. त्यांची मांजर पिंजऱ्यात शिरत नव्हती आणि त्यात टॅक्सीवाल्याची चूक काय ते मला समजावत होत्या. मी म्हटलं, "निघा चाचा, टाकते." चाचा थांबले होते. "टाकलंस?" मी म्हटलं, "टाकलं हो, जा!"

टाकलं नव्हतं. नऊ मिनिटांनी आठवलं.

बाईचा हात धडधाकट होता. ती कौन्सिलची माणूस. मागच्या गाडीत दुसरा माणूस घड्याळ घेऊन बसलेला. गाडी हलली दोन बावीसला, बुकिंग दोन एकतीसला. पंधरा दिवसांनी पत्र आलं: बॅज काढून का घेऊ नये?

चाचा पत्र घेऊन बेसवर आले, दार लावलं. "ऐक. मी तुला रेडिओ केलाच नाही. विसरलो. नंतर आठवलं, मग केला."

"का म्हणून? चूक माझी आहे!"

"यंदापासून फोनवाल्यांचीही यादी कौन्सिलकडे गेलीय. तुझं नाव खोडलं तर परत कुठल्या बेसवर बसशील? शाळेत जाशील?"

"आणि तुमचा बॅज?"

"माझं काय, म्हातारा झालो. घरी बसेन."

घरी बसेन! शेजारच्या गुलफराज चाचांचा बॅज डोळ्यांमुळे गेला. आठ महिने खिडकीत बसून येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या मोजत होते. मग एक दिवस त्या खुर्चीतून त्यांची मय्यतच उचलावी लागली. हे मला माहीत आहे, चाचांना माहीत आहे. तरी म्हणे घरी बसेन.

साडेदहाला आत बोलावलं. टेबलापलीकडे तीन सभासद, मधे अध्यक्ष मिसेस हेवर्थ, चष्मा नाकाच्या टोकावर. बाजूला ती बाई. चाचांनी तिला बघितलं आणि पहिलं काय विचारावं?

"हात बरा आहे का आता?"

टोमणा नव्हता हो. पंधरा दिवस काळजी करत होता हा माणूस, आणि पत्र वाचूनही तोंडातून तेच निघालं. बाई कानापर्यंत लाल झाली.

मिसेस हेवर्थनी वेळा वाचून दाखवल्या, मग चाचांकडे वळल्या. "मिस्टर हुसेन, वाटेत अपघात झाला असता तर विमा कंपनीने या बाईंना एक पैसाही दिला नसता. तुम्हाला कळतंय ना?"

"कळतंय मॅडम. चूक माझी. बेसला विचारलं नाही. विसरलो."

एवढं बोलून ते बसले, आणि एकदम शांत झाले. पाय हलत नव्हता. बॅजवर हात नव्हता. त्या शांततेनेच माझं डोकं फिरलं.

"खोटं बोलतायत हे!" मी उभीच राहिले. "यांनी विचारलं होतं. दोनदा! मीच म्हटलं टाकलं म्हणून. मांजरीच्या नादात विसरले."

"बस खाली!" चाचा ओरडले. "मॅडम, पोरगी आहे, जीव लावते, काहीही बडबडते."

"जीव लावते म्हणूनच बोलतेय!"

मिसेस हेवर्थनी चष्मा काढला. "दोघांपैकी एकजण मला खोटं सांगतंय. मिस्टर हुसेन, बुकिंगचं आम्ही समजूनही घेऊ. पण इथे येऊन खोटं बोलणाऱ्या माणसाला मी बॅज कसा ठेवू देऊ?"

चाचांचा हात परत बॅजवर गेला. मला वाचवायला जे बोलले तेच आता त्यांच्या गळ्याशी आलं होतं.

मग मिसेस हेवर्थ त्या बाईकडे वळल्या. "निघण्याआधी ड्रायव्हर रेडिओवर बोलला होता?"

बाईने वही चाळली. "बोलले. दोनदा. भाषा कळली नाही. एका मुलीचा आवाज होता, चिडलेला." माझ्याकडे बघून म्हणाली, "हाच."

"हे आधी का नाही सांगितलं?"

"कुणी विचारलं नाही."

"मिस्टर हुसेन?"

चाचांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच त्यांना धक्का देऊन नदीत पाडलं. मग हळूच म्हणाले, "विचारलं होतं मॅडम. पण पडद्यावर बघितलं नाही. पोरीवर भरवसा ठेवला. ती चूक खरी माझी."

आम्हाला बाहेर पाठवलं. वीस मिनिटं. चाचा परत खिडकी ते दार. मला आता तो पायांचा आवाज गोड लागत होता.

निकाल असा: बॅज राहील. पडदा न बघता गाडी हलवली आणि समितीसमोर खोटं बोलले म्हणून तीन आठवडे बंद, तेही एकवीस दिवसांनी लागू, मधे अपील करता येईल. माझं नाव यादीतून बाद, वर्षभर बेसच्या फोनला हात लावायचा नाही.

"एकवीस दिवस वाट बघायची?" चाचा म्हणाले. "अपील नको मॅडम. आजपासूनच घ्या." आणि बॅज काढून टेबलावर ठेवला.

पार्किंगमध्ये गाडीपाशी आलो, त्यांनी किल्ली काढली आणि थबकले. टॅक्सीची पाटी लावलेली गाडी बॅज नसलेल्या माणसाने चालवायची नाही, स्वतःची असली तरी. सव्वीस वर्षं पोरांना हेच सांगत आले होते.

"हुशार आहात," मी म्हटलं.

"तू तर बोलूच नकोस. बेकार कुठली."

"बेकार दोघंही आहोत."

तेवढ्यात ती बाई तिच्या गाडीतून आली, काच खाली केली. "सोडू का तुम्हाला?"

"आभारी आहे, पण नको," चाचा म्हणाले. "आम्ही बुकिंग करतोय."

मी बेसला फोन लावला. माझ्या जागी मालक स्वतः बसले होते. "कौन्सिलवरून दोन माणसं," मी म्हटलं.

"पाठवतो, पाठवतो."

चाचांनी फोन माझ्या हातातून हिसकावला. "टाकलंस का? नुसतं हो म्हणू नकोस. पडद्यावर बघून सांग."

आणि उत्तर येईपर्यंत ते गाडीभोवती चकरा मारत राहिले. दर फेरीला हात छातीवर जायचा, काही सापडायचं नाही, खाली यायचा.